टेकडीवर कोण बसलं होतं

दगड हातात घेतला की तो माणसाने फोडलाय की आपोआप फुटलाय, हे मी पाच मिनिटांत सांगते. ही बढाई नव्हे, तीस वर्षांचा धंदा आहे. माणसाला लोखंड-तांबं ठाऊक नव्हतं त्या काळातली दगडी हत्यारं मी पुण्यात शिकवत आले. विद्यार्थी मला पाठीमागे ‘दगडबाई’ म्हणतात हेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

तर ही दगडबाई गेल्या फेब्रुवारीत सहा दिवस वऱ्हाडात जाऊन आली. काम साधं होतं: फोटो काढायचे. माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापायला जाणार होती, आणि त्यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीजवळच्या एका टेकडीवर आहे. ती टेकडी मी पाहिली नव्हती. हे वाचून भुवया वर जातील, पण खरं ते खरं. अकरा वर्षांपूर्वी वानखडे सर नावाच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षकांनी मला कापडी पिशवीभर दगडांचे तुकडे पाठवले होते. सोबत नकाशा, फोटो आणि मोत्यासारख्या अक्षरातलं आठ पानी पत्र. तेव्हा माझं उत्खनन दुसरीकडे चालू होतं, जायला जमलं नाही. पण तुकडे इतके देखणे होते की मी त्यांच्यावरूनच प्रकरण लिहिलं. अतिप्राचीन काळी कोणीतरी त्या टेकडीवर बसून, अगदी सोप्या पद्धतीने, दगडावर दगड आपटून धारदार छिलके काढले, असं त्यात ठामपणे म्हटलंय. ‘इथे बसून कोणीतरी पहिल्यांदा विचार केला,’ हे त्यातलं वाक्य मी व्याख्यानांत थोडं थांबून म्हणते. टाळ्या पडतात.

आणि मग माझी जुनी विद्यार्थिनी नीलिमा, जी आता अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवते, तिचं पत्र आलं. “मॅडम, दुसरी आवृत्ती छापण्याआधी एकदा टेकडी बघून या. पुस्तकातल्या फोटोंत छिलक्यांच्या कडा फार ताज्या वाटतात. मला शंका आहे.”

मला राग आला. चांगलाच आला. आपण अ-आ-इ शिकवलेल्या मुलीने आपली पाटी तपासावी हे कोणाला आवडतं? मी तिकीट काढलं, अकरा वर्षांपूर्वीची ती पिशवी बॅगेत घातली आणि निघाले. फोटोही निघतील आणि शंकाही फिटेल, असा दुहेरी बेत होता.

अमरावती

गाडीचा प्रवास सांगत नाही. गाडी उशिरा पोचली यात नवल ते काय. नीलिमा स्टेशनवर आली होती. घरी नेण्याआधी तिने मला गिला वडा खायला नेलं. पुण्यात आपण वडा कुरकुरीत हवा म्हणून हटून बसतो. इथे तो मुद्दाम ओला करतात, मऊ करतात आणि वर लाल चटणी अशी ओततात की कान गरम व्हावेत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तसा वडेवाला म्हणाला, “काहून वो बाई, तिखट लागून राहिलं का?”

“नाही, नाही,” मी पुणेरी खोटं बोलले.

“मंग रडून काहून राहिल्या?” असं विचारून त्याने आणखी एक वडा वाढला. आपल्याकडे दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे बघायचीच पद्धत नाही, त्यामुळे मला हे सुखाचं वाटलं.

दुसऱ्या वड्याला नीलिमाने विषय काढला. तिने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातल्या जंगलात माकडं दगडाने कठीण कवचाची फळं फोडत होती. फळ दगडावर ठेवायचं, वरून दगड हाणायचा. मधूनच नेम चुकायचा, दगडावर दगड बसायचा आणि एक चपटा तुकडा उडायचा. माकड त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

“हे तुकडे आपल्या आद्य हत्यारांसारखेच दिसतात, मॅडम. लोकांनी शेजारी ठेवून मोजमापं घेतली आहेत. म्हणजे नुसता छिलका सापडला की माणसाने मुद्दाम हत्यार केलं असं म्हणता येत नाही.”

हे सगळं मी वाचलेलं होतं. मी म्हटलं, “बार्शीटाकळीला माकडं नारळ फोडतात वाटतं?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. नीलिमा हसली नाही. तिने चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली.

कौंडण्यपूर

दुसऱ्या दिवशी तिने मला वर्धा नदीकाठी कौंडण्यपूरला नेलं. देवदर्शन झालं; पण आमचं खरं दैवत गावापासून थोडं वर, नदीने कापलेल्या काठात होतं. वर पुरुषभर काळी माती, खाली पिवळट गाळ आणि तळाशी गोट्यांचा घट्ट बसलेला थर. त्या थरात नीलिमाला महिन्यापूर्वी एक दगड अडकलेला दिसला होता. तिने तो तसाच ठेवला होता. शाबास. मी खाली वाकले आणि तिथेच माझा पाय गाळात गेला. पाय वर आला, सँडल आली नाही. शोधली, हात कोपरापर्यंत घातला, पण नदीने ती ठेवून घेतली. उरलेला दिवस मी नीलिमाच्या रबरी चपलेत काढला.

पण दगड! नासपतीच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी घडवलेला. इथे वाचकांसाठी थोडी शिकवणी करते, कंटाळा आला तर पान उलटा. बारीक कणांच्या कठीण दगडावर नेमका घाव बसला की चपटा तुकडा सुटतो, त्याला आम्ही छिलका म्हणतो. जिथे घाव बसला त्याखाली छोटा फुगवटा राहतो आणि त्यातून लाटा पसरलेल्या दिसतात, तळ्यात खडा टाकल्यावर दिसतात तशा. एक छिलका नदीत गोटे आपटूनही निघू शकतो. नांगराचा फाळ लागूनही निघतो. पण या दगडावर वीसेक छिलके एकामागून एक, दगड फिरवत फिरवत, दोन्ही बाजू सारख्या होतील अशा बेताने काढलेले होते. नदी असा बेत करत नाही. शिवाय तो अस्पर्शित जुन्या थरात अडकलेला होता, म्हणजे थर जितका जुना तितका तोही जुना. घाव कसे आहेत हे जितकं महत्त्वाचं, तितकंच दगड कुठल्या मातीत पडलाय हे महत्त्वाचं.

“याबद्दल शंका आहे का?” मी नीलिमाला विचारलं.

“अजिबात नाही.”

“मग?”

“बार्शीटाकळीचे तुकडे कुठल्या थरातले आहेत, मॅडम?”

ते जमिनीवर वेचलेले होते. मी विषय बदलला, कारण वाऱ्याबरोबर वांग्याच्या भाजीचा वास आला. घाटापलीकडे झाडाखाली एक कुटुंब गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत बसलं होतं. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, आत थर असलेले, बाहेरून राखेत काळपट झालेले. आम्ही जात होतो तर त्यातल्या म्हातारबाबांनी हाक मारली, “चाल्ल्या कुठी? जेवून जा ना.” आम्ही कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. पुण्यात जेवायला बोलवायचं तर आधी दोन दिवस फोन होतात. इथे पानावर रोडगा कुस्करून वर तुपाची धार धरून झाल्यावर बाबांनी विचारलं, “गाव कोनतं तुमचं?” मी दोन रोडगे खाल्ले. दोन रोडगे म्हणजे काय हे ज्याने खाल्लेत त्यालाच कळेल. गाडीत मी अकोल्यापर्यंत झोपले.

बार्शीटाकळी

वानखडे सर फाटकात उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, सत्तरीतही काठीसारखे ताठ. मी गाडीतून उतरले तर त्यांनी मला नमस्कार करायला हात जोडले आणि ते बराच वेळ जोडलेलेच राहिले.

“अकरा वर्षं वाट पाहून राहिलो मॅडम. गाववाले म्हनत, सर येडे झाले, गोटे वेचून राहिले. तुमचं पुस्तक आलं अन् सगळ्यायची तोंडं बंद झाली.”

पुस्तकाची प्रत त्यांनी प्लास्टिकच्या वेष्टनात ठेवली होती. ओसरीवरच्या काचेच्या कपाटात दगड ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने बारीक आकडा. कुठल्या दिवशी, टेकडीच्या कुठल्या बाजूला, कुठल्या झाडापासून किती पावलांवर सापडला, हे सगळं वहीत होतं. माझ्या काही पीएचडीवाल्यांनी त्यांच्याकडे महिनाभर शिकवणी लावायला हरकत नाही. पाहुणचाराला आतून पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, तिखट रस्सा आणि भाकर आली. नीलिमा आणि मी न बोलता जेवलो; रस्साच तसा होता.

टेकडी गावापासून दोनेक किलोमीटरवर, एका लहानशा वस्तीच्या डोक्यावर आहे. वाटेत तूर काढून झालेली काळी शेतं, बांधावर पळस फुललेला. टेकडी उंच नाही. वर सपाटी आहे आणि तिच्यावर चार-पाच जुनी बिब्ब्याची झाडं.

“या झाडाखाली बसू नका बरं का,” सर म्हणाले. “अंग उतते. सुजते. म्हनूनच इकडे कोनी येत नाही. मी शाळेतून मोकळा झालो तव्हापासून येऊन राहिलो, पन सावलीत नाही बसत.”

आणि सपाटीवर, जसं मी लिहिलं होतं अगदी तसं, छिलकेच छिलके! गडद काळे, धारदार, फुगवटे असलेले. मी गुडघे विसरून खाली बसले. दहा मिनिटांत माझ्या रुमालात पंधरा तुकडे होते. त्याहून मोठं बक्षीस पुढे होतं: झाडांच्या कडेने जमिनीत बसलेले पाच-सहा सपाट दगड, प्रत्येकाच्या मधोमध घासून झालेला खळगा. ऐरणी! खाली ऐरण, वर हातातला दगड, मध्ये ठोकायची वस्तू. मी पुस्तकात ऐरणी असाव्यात असा नुसता अंदाज केला होता. आता त्या समोर होत्या.

“नीलिमा,” मी म्हटलं, “बघ. आणि पत्र परत घे.”

वानखडे सर चष्मा पुसू लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. मलाही भरून आलं. इतका आनंद मला माझ्या पहिल्या उत्खननानंतर झाला नव्हता.

नीलिमा एका ऐरणीशी उकिडवी बसली होती. “मॅडम, खळग्यात हा काळा डाग कसला?”

“मँगनीज,” मी तत्काळ सांगितलं. “जुन्या दगडावर चढतं.”

“फक्त खळग्यातच?”

“पाणी तिथे साचतं ना.” या उत्तरात काही चूक नाही, असं घडतं. ते इथे घडलं नव्हतं एवढंच.

मी फोटो काढत होते तेवढ्यात खालून आवाज आला. ठक. थोड्या वेळाने परत, ठक ठक. लाकडाचा नव्हे, लोखंडाचाही नव्हे. हा आवाज मी प्रयोगशाळेत हजारदा काढला आहे. दगडावर दगड.

“खाली काय चाललंय?” मी सरांना विचारलं.

“वस्तीवरच्या बाया असतीन. बिब्बे फोडतात.”

नीलिमा उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

वस्ती

टिनाच्या शेडखाली एकच बाई काम करत होती. साठीची, सडपातळ, हात मनगटापर्यंत राखेने पांढरे. समोर सपाट दगड, बाजूला काळ्या बिब्ब्यांचा ढीग. एक बिब्बा उभा धरायचा, वरून मुठीत मावेल एवढ्या काळ्या गोट्याने एकच घाव, कवच दुभंगतं, आतली पांढुरकी बी टोपलीत. बोटं पुन्हा राखेत. सरांनी ओळख करून दिली तेव्हा कळलं, सरांनाही तिचं नाव अर्धवटच ठाऊक होतं. पंचफुलाबाई म्हणतात तिला.

“या ना वो बाई,” ती म्हणाली. “पन दूर बसा. उडते थे तेल. कातडं जाळते.”

“तुम्ही काय करताय?”

“गोडंबी काहाडून राहिली. डिंकाच्या लाडवात टाकता ना तुमी, थे काय झाडाले सोललेली लागते?”

मी आयुष्यभर गोडंबी खाल्ली आणि ती कुठून येते हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारणार, तोच तिचा घाव बिब्ब्यावरून निसटला. दगड दगडावर बसला. काहीतरी उडालं आणि माझ्या पायापाशी येऊन पडलं.

मी उचललं. दोन इंच लांब, पातळ, कडेला ब्लेडसारखी धार. खाली फुगवटा. लाटा. माझ्या पुस्तकात तिसऱ्या पानावर ज्याचं रेखाचित्र आहे त्याचा सख्खा भाऊ, आणि अजून हाताला गरम.

“हे काय उडालं?” मी तो तुकडा पुढे धरला.

“टवका हाये. हात चुकला का निंगते. चांगला काळा दगड असला का असा मोठा निंगते, हलक्या दगडाचा भुगा होते. म्हनून चांगला दगड पाह्यजे.”

“आणि या टवक्यांचं काय करता?”

“काय करन? पायाले लागते. झाडून फेकते.” तिने हनुवटीने शेडच्या मागे दाखवलं. तिथे टवक्यांचा घोटाभर ढीग होता.

मी मुद्दाम खाली बसले आणि तो प्रश्न विचारला जो अकरा वर्षांपूर्वी पत्रातूनही विचारता आला असता. “पंचफुलाबाई, वर टेकडीवर पूर्वी कोणी बसायचं का?”

“आमीच बसत जाओ! माही सासू, तिच्या जावा, मी लगन होऊन आली तं मीबी. वस्तीत बिब्बा फोडू देत नव्हते. लेकरायची तोंडं सुजत. म्हनून वर. मंग हे शेड झालं, गुडघे गेले, आता वर कोन जाते?”

“त्या दगडांच्या खळग्यातला काळा डाग…” नीलिमाने विचारायला सुरुवात केली.

“बिब्ब्याचा. थो जात नाई. धोबी कपड्यावर खूण करते ना, थो हाच.”

मँगनीजबाई नापास झाल्या. माझ्या पिशवीत पुस्तक होतं, ते बाहेर काढून यातलं काय दाखवू म्हणून विचारलं तर पंचफुलाबाई म्हणाल्या, “चित्रं दाखवा.” मी ते प्रकरण उघडलं. चित्रकाराने टेकडीवर एक दाढीवाला, रुंद खांद्यांचा माणूस काढलाय, दगड फोडताना. त्यांनी राखेचे हात मागे धरून वाकून पाहिलं.

“हा कोन?”

“टेकडीवर बसलेला माणूस.”

“टेकडीवर मानूस कधी बसला? बायाच बसत.”

वानखडे सर खालच्या आवाजात म्हणाले, “आमी मानसं तिकडे फिरकतच नसू मॅडम. बायांची जागा. अन् उतते म्हनून लहानपनापासून भेव.” सगळं गाव ज्या जागेपासून दूर राहायला शिकलं, तिथे काय चालायचं हे गावातल्या शिकलेल्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि पुण्यातल्या शिकलेल्या बाईने गावाला विचारलंच नव्हतं. तिने फक्त दगडांना विचारलं.

मी शेवटचा प्रश्न विचारला. काही खोट राहायला नको म्हणून. “तुम्ही कधी मुद्दाम टवका काढता का? धार हवी म्हणून?”

पंचफुलाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी पहिल्या वर्षाच्या पोरांकडे बघते. “बाई, दगड कोन मुद्दाम फोडते? मले गोडंबी पाह्यजे.”

आमच्या विषयातले मोठमोठे लोक परिषदांमध्ये ज्यावर हमरीतुमरीवर येतात, तो वाद या बाईने एका वाक्यात माझ्यासमोर ठेवला. मी उठताना तो टवका रुमालात घेतला. त्याला तेल लागलं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळपर्यंत माझं बोट लाल होऊन टम्म फुगलं. सरांच्या घरून खोबरेल आलं, आणि कोणीही मला हसलं नाही.

ओसरीवरची परीक्षा

रात्री झोप लागली. लोकांना वाटतं चूक कळली की माणूस तळमळतो. मला चूक कळली की मला पुढचं काम दिसतं. सकाळी मी नीलिमाला म्हटलं, “माझी परीक्षा घे.”

तिने माझ्या जुन्या पिशवीतले वीस तुकडे घेतले आणि पंचफुलाबाईंच्या ढिगाऱ्यातले, डाग नसलेले, वीस. सगळे धुतले, सरांचे आकडे पुसून नवे घातले, कोणता कुठला हे आपल्या वहीत टिपलं, मग मिसळले आणि ओसरीवर पसरले. मी आत बसले होते. मग मला बोलावून सांगितलं, “प्राचीन कोणते, परवाचे कोणते, वेगळे करा.”

मी चाळीसही तुकडे भिंगाखाली पाहिले. एक तास लागला, पाच मिनिटं नाही. नीलिमाने वहीशी ताडून पाहिलं. जवळजवळ निम्मे चुकले होते. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं. फक्त दोन तुकड्यांवर माझा हात एकदाही अडखळला नव्हता: कडा बोथट झालेले, सगळ्या अंगावर तांबूस साय चढलेली. ते दोन सरांनी टेकडीवर नव्हे, खालच्या नाल्याच्या गोट्यांत वेचलेले निघाले. ते मी आजही प्राचीन म्हणते, आणि पुढच्या हिवाळ्यात नीलिमा तो नाला खणणार आहे.

बाकीचे गेले. माझं प्रकरण गेलं.

वानखडे सर कपाटाशी उभे होते. “म्हनजे मॅडम, मी अकरा वर्षं बायांचा कचरा जमा करून राहिलो?”

“सर…”

“लोक हसत होते तव्हा मी तुमचं पुस्तक दाखवत होतो.”

हे मला लागलं. बोटापेक्षा जास्त लागलं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “दगड तुम्ही जमवले, अर्थ मी लावला. अर्थ चुकला, दगड चुकले नाहीत. कोणी हसलं तर माझा फोन नंबर द्या, मी त्यांना सांगेन कोणाला हसायचं ते.”

मग मी त्यांना जे रात्री झोपण्याआधी सुचलं होतं ते सांगितलं, आणि ते मला आजही पक्कं पटतं. आम्ही इतकी वर्षं असं मानत आलो की आद्य माणूस दगडासमोर बसला, त्याने विचार केला आणि धार काढली. पण तो किंवा ती कदाचित पंचफुलाबाईंसारखीच बसली असेल, काहीतरी खाण्यासाठी फोडत. टवके आपोआप उडत असतील, पायाला लागत असतील, हजारो वर्षं. मग एके दिवशी कोणीतरी तो झाडून टाकला नाही. उचलला आणि त्याने काहीतरी कापून पाहिलं. मोठा विचार होता तो उचलण्यात, फोडण्यात नव्हता. म्हणून नुसता छिलका पुरेसा नाही. धार वापरली गेली का, हाडावर कापल्याच्या खुणा आहेत का, चांगला दगड लांबून वाहून आणला का, एकामागून एक घाव बेताने घातले का, हे सगळं विचारावं लागतं. आणि हे शिकवायला बार्शीटाकळीच्या टेकडीइतकी चांगली जागा मला देशात दुसरी ठाऊक नाही. कारण इथे टवका कसा, कशासाठी आणि कुठे बसून निघाला, हे सगळं कळलंय, आणि प्रत्येक तुकड्याची नोंद आहे. वानखडे सरांच्या अक्षरात.

सरांनी कपाट उघडलं. एक तुकडा काढला, उलटा-सुलटा केला, परत जागेवर ठेवला. “मंग प्रकरण काढून टाकता का?”

“काढत नाही. पुन्हा लिहिते.”

मी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला आणि छपाई थांबवायला सांगितलं. ते भडकले. भडकू देत. ‘इथे बसून कोणीतरी पहिल्यांदा विचार केला’ हे वाक्य मी स्वतःच्या हाताने खोडलं, तिथेच, सरांच्या दोन पेनांपैकी एकाने.

मग दाढीवाल्याच्या जागी पंचफुलाबाईंचं चित्र टाकायचं ठरवून त्याखालची ओळ लिहायला बसले आणि अडले. पंचफुलाबाई, पुढे काय? सरांनी मान हलवली. त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही तिघंही पुन्हा वस्तीवर गेलो.

त्या कामातच होत्या. मी विचारलं, “तुमचं पूर्ण नाव काय?”

“कायले पाह्यजे?”

“पुस्तकात टाकायला. चुकीचा माणूस टाकला होता, तो काढतेय.”

“पंचफुला तायडे.” मग हातातला गोटा त्यांनी बाजूला ठेवला आणि क्षणभर टेकडीकडे पाहिलं. “पन वरचे टवके माहे नाईत बाई. वर मी दोन-चार वर्सं बसली असन. थे सारे माह्या सासूचे. तिनं जिंदगी काहाडली तथी. तिचं नाव टाका.”

तीस वर्षांत हजारो दगड माझ्या हातून गेले. फोडणाऱ्याचं नाव मला कधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हेही मला सुचलं नव्हतं. मी वही उघडली.

“सांगा,” मी म्हटलं.

“देवका,” त्या म्हणाल्या. “देवकाबाई तायडे.”